काशीला सोडलेला चहा

नर्मदाकाकींनी पेला खिडकीबाहेर नेला, इकडेतिकडे पाहिलं आणि नुसतं मनगट वळवलं. सगळा चहा रस्त्याकडेच्या गवतावर. तिथे एक शेळी चरत होती. तिने वाकून वास घेतला, मान वर करून आमच्या बसकडे पाहिलं आणि बांध ओलांडून लांब जाऊन उभी राहिली.

“झाला पिऊन?” आप्पांनी दारातून विचारलं. हातात पातेलं, खांद्यावर पंचा. “वहिनी, तुमचा नेहमी सगळ्यांच्या आधी संपतो. आणा इकडे, अजून देतो.”

“नको हो भावोजी, पोटात जागा नाही.”

“चहाला कसली जागा लागते!” असं म्हणून आप्पांनी पेला काठोकाठ भरला आणि तिथेच उभे राहिले.

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेळी आणखी लांब गेली होती.

ही गोष्ट नगरच्या पुढची, आमच्या काशीयात्रेच्या शेवटच्या दिवसाची. तेव्हा माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. वाईहून एक मिनीबस ठरली होती, सगळी पन्नाशी-साठीची मंडळी. माझ्या नवऱ्याला, सतीशला, रजा मिळेना, म्हणून त्याच्या आईवडिलांबरोबर मला पाठवलं. “तरणंताठं कुणीतरी बरोबर असलेलं बरं,” असं ठरलं, आणि तरणीताठी मीच होते. माझं माहेर बार्शीचं. आमच्याकडे मनात आलं की तोंडात येतं. निघताना माझ्या आईने फोनवर बजावलं होतं, “मंजिरी, तीर्थयात्रेला चालली आहेस, तोंड मिटून जा.” ते मी काशीपर्यंत पाळलं, आणि परतीच्या वाटेवरही बरंचसं.

परतीची वाट ही मोठी वाईट गोष्ट. जाताना सगळे एकमेकांना “घ्या ना, घ्या ना” करत होते. लाडू फिरत होते, भजनं चालली होती, खिडकीची जागा एकजण दुसऱ्याला देत होता. येताना लाडवांचा भुगा झाला होता आणि तो कुणाच्या पिशवीत सांडला यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं. खिडक्यांच्या गजांवर ओले पंचे, सीटखाली गंगेचे सीलबंद गडू, त्यावर चपला, त्यावर कुणाचे तरी सुजलेले पाय. कोण किती घोरतं, कुणाला कुठलं चूर्ण लागतं, सगळ्यांना सगळं पाठ झालं होतं. यात्रेचे पुढारी होते खटावकर मास्तर, निवृत्त हेडमास्तर. ते प्रत्येक थांब्यावर शिट्टी वाजवायचे. जबलपूरजवळ नर्मदेच्या पुलावर ती शिट्टी कुणीतरी पाण्यात टाकली. कुणी, ते कळलं नाही, पण नदीचं नाव पाहता सगळ्यांचा संशय काकींवरच होता. तेव्हापासून मास्तर टाळ्या वाजवत.

आणि या सगळ्यावर आप्पांचा चहा.

आप्पा म्हणजे माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. स्वभावाने इतके गोड की त्यांना ‘नको’ म्हणणं जड जायचं. त्यांनी निघतानाच पंपाचा स्टोव्ह, दुधाची पावडर, पातेलं आणि मसाल्याच्या डब्यांची पिशवी बसमध्ये चढवली होती. “वाटेतला चहा पिऊन पोट बिघडवायचं नाही. चहा माझ्याकडे लागला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या थांब्यानंतर कुणीच वाजवल्या नाहीत. तो चहा नव्हताच, काढा होता. सुंठ, ओवा, गवती चहा, मिरी, सगळं मूठमूठ. घोट घेतला की कानातून वाफ निघायची. मी घरी तो रोज पीत होते, पण घरी कुंडीतली तुळस तरी होती.

फक्त माझ्या सासूबाई तो आनंदाने प्यायच्या. एक घोट घ्यायच्या, गाल वर, डोळे बारीक, मान किंचित डावीकडे, आणि म्हणायच्या, “छान झालाय हो.” आप्पा तेवढ्यासाठी थांबलेले असायचे. मग स्वतःचा पेला उचलायचे. मला वाटायचं, प्रेम आंधळं असतं हे ऐकलं होतं, पण त्याला जीभही नसते हे इथे येऊन कळलं.

काशीत मात्र आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कमालच केली.

काशीला गेलं की आवडती वस्तू सोडायची, जन्मभर पुन्हा तोंडात घालायची नाही, ही रीत. आम्ही सगळे घाटावर रांगेने बसलो. तिथले गुरुजी आपल्याकडचेच होते, लोकांना ओळखून असलेले. “आवडती वस्तू सोडायची हां,” त्यांनी आधीच सांगितलं. “नावडती सोडून गंगामाईला फसवायचं नाही.”

खटावकर मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, “पडवळ.” त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला. नर्मदाकाकींनी रामफळ सोडलं, जे वाईत वर्षातून एकदा दिसतं आणि दिसलं तरी काकी घेत नाहीत. आप्पांनी चिकू सोडला. मी भोळी. मी वांगं सोडलं, आणि आजतागायत शेजारच्या घरातून भरताचा वास आला की माझा जीव वर-खाली होतो.

गुरुजींनी आईंच्या तळहातावर पाणी घातलं. आई गंगेकडे बघत होत्या. म्हणाल्या, “चहा.”

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

“अगं, चहा हे काय फळ आहे?” आप्पा म्हणाले. “गुरुजी, चालतं का असं?”

“मनापासून आवडतो का हो तुम्हाला?” गुरुजींनी विचारलं.

“फार,” आई म्हणाल्या, आणि पाणी सोडून मोकळ्या झाल्या.

“इंदू सुटली,” काकी माझ्या कानात कुजबुजल्या. इंदू म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुमती. “आणि मी मेली रामफळ सोडून बसले!” सगळ्या बसला आईंचा हेवा वाटत होता. त्या संध्याकाळी आप्पांनी सवयीने आईंचाही पेला मांडला. मग लक्षात येऊन उचलला आणि नळाखाली धरून धुतला. तो धुतलेलाच होता. मला ते बघून कसंसंच झालं, आणि मी पहिल्यांदा आईंवर मनातून रागावले.

त्यानंतर चहा बिघडत गेला. आधी तो निदान एकाच प्रकारे वाईट असायचा. आता रोज नवा प्रकार. एकदा नुसताच ओवा, एकदा करपलेली पावडर, एकदा नासलेलं दूध. आप्पा चहा करून एकेकाच्या तोंडाकडे बघायचे, आणि लोक तोंड फिरवायचे. मास्तरांना अचानक पित्त झालं. आमचा ड्रायव्हर हणमंत म्हणाला, “आप्पा, मला नगं. चहा प्यालो की झोप येती मला, घाटात गाडी घालीन.” मला काही कारण सापडेना. नव्या सुनेला पित्त होत नाही.

अशी आमची वरात त्या दिवशी दुपारी खंबाटकी घाटाला लागली. घाट चढून उतरलं की सुरूरचा फाटा, आणि फाट्यावरून वाई ती काय! बायकांनी केस विंचरले. काकींनी पायात चपला घातल्या. आणि अर्ध्या चढावर हणमंतने ब्रेक मारला.

वर उसाची ट्रॉली उलटली होती. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आम्ही. हणमंत खाली उतरून चौकशी करून आला, हातात उसाचं कांडं. “आता बसा निवांत,” म्हणाला, आणि ऊस सोलायला लागला.

घर लांब असताना माणूस काहीही सोसतो. घर जवळ आलं आणि तिथेच अडकलं की त्याचा पार कडेलोट होतो. खिडकी उघडायची की लावायची यावरून पुढच्या सीटवर भांडण लागलं. एक काका सगळ्यांशी अबोला धरून गडूंवरच झोपले. मास्तर उठले, टाळी वाजवून म्हणाले, “मंडळी, वेळ सत्कारणी लावू. भेंड्या खेळू या. ‘म’ वरून—”

“मास्तर,” काकी शांतपणे म्हणाल्या, “एक शब्द पुढे बोललात तर हा गडू डोक्यात घालीन. गंगेसकट.”

मास्तर बसले. तेवढ्यात आप्पा उठले. त्या अख्ख्या बसमध्ये एकटे तेच ताजेतवाने होते. “चारचा चहा व्हायचाय. थांबा, टाकतो. सगळ्यांना तरतरी येईल.”

बसभर असा उसासा निघाला की मला वाटलं टायरमधली हवा गेली.

आप्पा स्टोव्ह घेऊन खाली उतरले. रस्त्याकडेला दगडाच्या आडोशाने त्यांनी तो पेटवला. इकडे काकी उभ्या राहिल्या. त्यांच्या पायांना सूज होती, केस सुटले होते, आणि आता त्यांना कुणी अडवू शकलं नसतं. “आता बास! इंदू, तुझ्या नवऱ्याला तू सांगणार आहेस की मी सांगू? इतके दिवस नात्याकडे बघून गप्प बसले. आज तो चहा आला की सगळ्यांदेखत सांगणार, भावोजी, हे विष आहे, आणि ते आम्ही कोणी पीत नाही, ओतून देतो.”

“जाऊबाई, असं करू नका,” आई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“का नको? तू काय, सोडून मोकळी झालीस!”

आई उठल्या. बसमधून उतरल्या आणि मागच्या बाजूला घाटाच्या कठड्यावर जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले. माझं तोंड मिटून राहणं तिथे संपलं.

“आई, काकींचं काही चुकलं नाही. पण आप्पांना सगळ्यांसमोर असं कुणी बोललं तर ते मोडून जातील. तुम्हाला त्यांचा चहा एवढा आवडायचा, तर सोडलात कशाला? तुमच्यामुळे निदान एक पेला तरी मनापासून प्यायला जायचा.”

“तोंड दुखायला लागलं होतं गं.”

“दात?”

“दात नव्हे. हसून.” त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे गाल दाबले. “माझ्या शत्रूलासुद्धा मी तो चहा पाजणार नाही. पण त्यांना वास येत नाही, मंजिरी. तू फ्रॉकमध्ये असशील तेव्हा मेणवलीच्या रस्त्यावर लूनावरून पडले. डोक्याला मार लागला. जखम भरली, पण वास गेला, आणि वासाबरोबर चवही गेल्यासारखीच. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“दूध करपून घरभर वास सुटला होता. मी शेजारणीकडून धावत आले. आणि हे ओट्याशेजारी बसून पेपर वाचत होते.” आई दरीकडे बघत बोलत होत्या. “त्याआधी त्यांच्या हातचा चहा काय असायचा म्हणून सांगू! खात्यातले साहेब बंगला सोडून आमच्या पडवीत येऊन बसायचे. पडल्यानंतर पहिल्यांदा चहा केला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. परीक्षेचा निकाल लागायचा असतो ना, तसे. माझ्याच्याने सांगवेना. म्हटलं, छान झालाय हो. झालं, तिथे अडकले. त्यांना चव माझ्या तोंडावरून कळते.”

“इतकी वर्षं?”

“घरी दिवसातून दोनदा हसणं होतं. ते जमायचं. यात्रेत उठल्यासुटल्या चहा. काशीपर्यंत मी इतकी दमले की गुरुजींनी पाणी घातलं आणि तोंडातून निघून गेलं. आता बघवत नाही त्यांच्याकडे. माझा चेहरा गेल्यापासून त्यांना काही सुधरतच नाही.”

मी काही बोलणार, इतक्यात वाऱ्याबरोबर स्टोव्हकडून वास आला. सकाळपासून हा वास बसमध्ये होता. मी तो ओल्या पंचांचा धरून चालले होते. आता मोकळ्या हवेत तो ओळखू आला. माझ्या आईच्या आमटीचा वास. मी पळत आप्पांकडे गेले.

आप्पा पातेल्यावर वाकले होते. अगदी नाक घालून उभे होते, आणि तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. शेजारी एकसारख्या स्टीलच्या दोन डब्या होत्या, एक रिकामी, एक उघडी.

“सुंठ काल संपली,” आप्पा म्हणाले. “नशीब, दुसरी डबी भरलेली निघाली. आज जरा सढळ हाताने घातलीय.”

लोक उतरून जमत होते. काकी सगळ्यांत पुढे, कंबरेला पदर खोचलेला. “भावोजी,” त्यांनी सुरुवात केली, “मला तुम्हाला काही सांगायचंय—”

“आप्पा,” मी मध्येच म्हणाले, “ही सुंठ नाही. हिंग आहे.”

आप्पांनी डबी उचलली. नाकाशी नेली. मग जिभेवर चिमूट ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचं गुपित मी भर रस्त्यात, घाटात, ट्रकवाल्यांसमोर उघडं केलं होतं.

“हिंग?” काकी किंचाळल्या. “माझा हिंग! काशीच्या पेठेत अर्धा दिवस फिरून घेतलेला! शालूला वास लागू नये म्हणून मीच भावोजींच्या रिकाम्या डबीत भरून ठेवला होता!” त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. “अहो, वर्षाचा हिंग होता तो!”

“म्हणजे सकाळपासून आपण काकींचा हिंग पितोय,” मास्तर म्हणाले.

“तुम्ही कुठे प्यायलात?” हणमंत म्हणाला. “तुमचं तर पित्त.”

कुणीतरी हसलं, मग दुसरं कुणीतरी. दिवसभरात बसमधलं कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे ते थांबेना. काकीसुद्धा कपाळाला हात लावून हसायला लागल्या. आप्पा मात्र हसत नव्हते. ते गर्दीतून आईंना शोधत होते.

“तुला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“हो,” माझ्या मागून आलेल्या आई म्हणाल्या.

“कधीपासून?”

“दूध करपलं होतं, तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात का?”

हसणं हळूहळू विरलं. काय चाललंय ते सगळ्यांना नीट कळलं नसेल, पण काहीतरी चाललंय एवढं कळलं. आप्पांनी स्टोव्हची चावी फिरवली. फुस्स करून ज्योत विझली. पंच्याने पातेलं धरून त्यांनी चहा गटारात ओतला आणि डब्या पिशवीत भरायला लागले. “राहू दे,” ते म्हणाले. “लोकांना उगाच त्रास दिला इतके दिवस.”  मला रडू यायला लागलं.

आणि मग नर्मदाकाकींनी जे केलं, त्यासाठी मी त्यांना जन्मभर मानत आले. त्यांनी पुढे होऊन पिशवी आप्पांच्या हातातून काढून घेतली.

“हे बघा भावोजी. पाय सुजलेत माझे. घर इथून दिसेल एवढं जवळ आहे आणि जाता येत नाही. चार वाजून गेलेत. मला चहा पाहिजे. पेटवा स्टोव्ह.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तू इथे उभी राहा. तुझं नाक चांगलं आहे, आणि तोंडावर सांगायची सवयही दिसतेय. काय कमी, काय जास्त, तू सांग.”

आप्पा हलले नाहीत. “आप्पा,” मी म्हटलं, “पाणी उकळायच्या आधीच पत्ती घालता का तुम्ही?”

“अजिबात नाही!” ते उखडले. “पाण्याला आधी बारीक बुडबुडे आले पाहिजेत. मग पत्ती. कुणी शिकवलं तुला आधी घालायला?”

“मग दाखवा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं आणि स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली.

मागच्या ट्रकशेजारी एक दूधवाला मोटरसायकलला किटल्या लावून अडकला होता. काकींनी त्याला बोलावलं. “मला पन कपभर पायजे,” या बोलीवर त्याने ताजं दूध दिलं. कुणाच्या तरी पिशवीत आल्याचा तुकडा निघाला. ओव्याची डबी मी मास्तरांच्या खिशात टाकली. आप्पा एकेक वस्तू पातेल्यात टाकायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी वास घ्यायचे आणि सांगायचे. “आलं पुरे.” “अजून उकळू दे.” “आता कच्चट वास गेला.” त्यांचा हात विसरला नव्हता. पळी किती उंच न्यायची, ज्योत कधी बारीक करायची, दूध कुठल्या क्षणी ओतायचं, सगळं हाताला येत होतं. त्याला फक्त खरं सांगणारं कुणीतरी हवं होतं.

पहिला पेला काकींना दिला. त्यांनी सवयीने गवताकडे पाहिलं. मग घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग पेला रिकामा करून पुढे केला.

“संपला?” आप्पांनी विचारलं.

“भावोजी,” काकी म्हणाल्या, “अजून द्या.”

त्या घाटात त्या दुपारी किती पातेली झाली ते मला आठवत नाही. गडूंवर झोपलेले काका उठून आले. ज्यांचं बोलणं बंद होतं ती दोन घरं एकमेकांच्या पेल्यात ओतत होती. मास्तरांचं पित्त बरं झालं. हणमंत तीनदा प्याला आणि त्याला झोप आली नाही. मागच्या-पुढच्या ट्रकवाल्यांनी रांग लावली. मध्येच मास्तर उत्साहाने म्हणाले, “मंडळी, ‘म’ वरून—” आणि कुणी त्यांना मारलं नाही.

आई मात्र पुन्हा लांब कठड्यापाशी जाऊन उभ्या होत्या. मी माझा पेला घेऊन त्यांच्याकडे गेले, आणि जाताना वाटेतच माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या चहाची त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली, तो आज झाला होता, आणि त्या तो काशीला सोडून आल्या होत्या.

“कसा झालाय?” आईंनी विचारलं.

बार्शीचं माणूस असूनही माझी जीभ अडखळली. “काही खास नाही,” मी म्हणाले. “नेहमीसारखाच. कडू.”

आईंनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. या विद्येत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. “तुला जमत नाही,” त्या म्हणाल्या. “गाल वर गेले, पण डोळे तसेच राहिले. आण इकडे.”

“आई, तुम्ही सोडलाय.”

“प्यायचा सोडलाय. आण.”

त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. समोरून आप्पा बघत होते. पातेलं हातात तसंच, मागे रांग खोळंबलेली.

आईंनी डोळे उघडले ते भरलेले होते. “आलं किंचित कमी पडलंय,” त्या रांगेवरून ओरडून म्हणाल्या.

“बरं, बरं,” आप्पा म्हणाले, आणि वाकून आलं ठेचायला लागले.

पुढे आमच्या घरी तीच रीत पडली. सकाळी आप्पा चहा करायचे. पहिला कप आईंच्या नाकाशी. त्या सांगायच्या, वेलदोडा जास्त, पत्ती जुनी झालीय. त्यानुसार पुन्हा पातेलं चढायचं, आणि शेवटी मी पिऊन निकाल द्यायचे. एका चहाला तीन माणसं लागणारं वाईत हे एकच घर आहे, असं सतीश म्हणायचा. आईंनी नेम मोडला नाही. एका थेंबालाही कधी तोंड लावलं नाही. पण वास घ्यायच्या तो असा की शेजारी बसून पिणाऱ्यालाच आपण काहीतरी अर्धवट करतोय असं वाटावं. सांगून सांगून आप्पांचा हात पुन्हा तसा झाला. लोक पुन्हा पडवीत येऊन बसायला लागले. काकी तर रोज.

गेल्या श्रावणात आप्पा गेले.

आता चहा मी करते. पहिला कप अजून आईंच्या नाकाशी नेते. इतके महिने त्या वास घेऊन नुसतं “बरा आहे” म्हणायच्या आणि कप परत द्यायच्या. त्यांना काढायला चूकच नसायची, आणि त्यामुळेच मला तो परत घ्यावासा वाटत नसे. परवा सकाळी फोडणीचा डबा ओट्यावर उघडा होता. माझ्या मनात आलं ते हातात आलं. मी चहात बोटाच्या टोकाएवढा हिंग टाकला.

आईंनी कप नाकाशी नेला आणि थबकल्या. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांचे गाल वर गेले, डोळे बारीक झाले, मान किंचित डावीकडे झुकली.

“छान झालाय हो,” आई म्हणाल्या.